खाडीचा राखणदार पडद्यावर आणताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या काकांनी लिहिलेली आणि त्यांच्या मित्राने चितारलेली बावीस अंकांची एक अद्भुत चित्रमालिका आहे. खाडीचा राखणदार, म्हणजे गावाची राखण करतो असं कोकणात मानतात तो अदृश्य रक्षक, आणि तो ज्याला दिसतो असा एक मुलगा, ही तिची गोष्ट. मालवण-वेंगुर्ल्याकडे ती हातोहात फिरली आणि आज चाळिशीत असलेली माणसं ते अंक अजून जपून आहेत. आता एक निर्माता त्यावर आठ भागांची वेब सिरीज करू म्हणतो. त्याला ‘आजच्या मुलांना भावेल असं’ सगळं बदलायची मुभा हवी आहे. जुने वाचक म्हणतात, एक चौकटही हलवायची नाही. तुम्ही विचारलंय, मूळ मालिकेशी किती टक्के प्रामाणिक राहावं?

टक्क्यांत याचं उत्तर निघत नाही. मी बरीच वर्षं कथा-कादंबऱ्यांवरून आणि काही चित्रकथांवरून पटकथा लिहिते आहे, आणि हे भांडण दर वेळी याच शब्दांत माझ्यासमोर येतं. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात, की मालिका म्हणजे पानावर छापलंय तेवढंच. एकाला ते जपायचंय, दुसऱ्याला ते टाकायचंय. पण वाचकाचा जीव ज्यात अडकलेला असतो त्यातलं बरंचसं पानावर नसतंच. ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असतं, आणि तिथे ते वाचकाने स्वतः भरलेलं असतं. पडद्यावर ही पट्टी उरत नाही. तिथे वाचक जे काम करत होता ते आता कोणी करायचं, कॅमेऱ्याने, नटाने, आवाजाने की प्रेक्षकानेच, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला माहीत नाहीत. बजेट किती, आठ भाग म्हणजे अर्ध्या तासाचे की पाऊण तासाचे, नट घेऊन करायचं की अॅनिमेशन, आणि चित्रकाराच्या घरच्यांशी तुमचा काही लेखी करार आहे का. म्हणून जिथे माझं मत ठाम आहे तिथे ठाम लिहिते आणि बाकीच्या ठिकाणी तुम्ही कसा विचार करावा एवढंच सांगते.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या दोन पानांवरूनच बोलू. उजव्या हाताच्या पानावर सहा चौकटी आहेत. पहिलीत रात्रीची खाडी आणि बांधलेली होडी. दुसरीत दोरावर मुलाचा हात. तिसरीत तीच होडी, मुलगा तसाच, पाणी थोडं खाली. चौथीत पाणी आणखी खाली, चिपीची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, मुळं उघडी. पाचवीत गाळ आणि त्यात एक मोठं पाऊल उमटलेलं. सहावीत मुलाचा वर वळलेला चेहरा. अख्ख्या पानावर संवादाचा एकही फुगा नाही. पान उलटलं की डाव्या बाजूला पूर्ण पानभर राखणदार. त्याचा चेहरा नाही, नुसती घोंगडी आणि काठी, आणि मागे खाडीच्या मुखाशी टेकलेला चंद्र.

निर्मात्याचा माणूस हे पान बघून म्हणेल, सहा शॉट, बारा सेकंद, झालं. आणि तिथेच प्रसंग मरेल. कारण तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधे जवळजवळ सहा तास आहेत. चित्रकाराने मुलाला त्याच जागी, त्याच बाकात ठेवून फक्त पाणी उतरवलंय. आपल्याकडचा वाचक ते बघताक्षणी ओळखतो की पोरगं रात्रभर इथेच बसलंय. त्याला कोणी सांगावं लागत नाही, कारण त्याने ओहोटी लागताना पाहिलेली असते.

त्या चंद्राकडेही नीट बघा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री भरती साधारण मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण होते आणि पहाटे पाणी तळाला जातं. तेव्हा पौर्णिमेचा चंद्र मावळतीला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, अगदी खाली आलेला असतो. तुमच्या काकांच्या मित्राने चंद्र डोक्यावर न काढता मुखाशी टेकवलाय तो याच हिशेबाने. पाणी, चंद्र आणि मुलाची जागरणाची रात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. ज्याने हे पान काढलं त्याने ती वेळ खाडीवर बसून अनुभवली असणार. तुमच्या मालिकेतलं अद्भुत खरं वाटतं ते यामुळे, आणि स्टुडिओत बसून कोणी हा चंद्र ‘छान दिसेल’ म्हणून वर सरकवला तर नेमकं तेच जाईल. जपायचं ते हे.

आता हा प्रसंग नागपूरच्या किंवा लातूरच्या प्रेक्षकापर्यंत कसा न्यायचा? त्याला ओहोटीचं वेळापत्रक ठाऊक नाही. खाडी भराभर आटताना दाखवणारा टाइमलॅप्स घेतला तर वाट पाहणं नाहीसं होऊन तंत्राची करामत तेवढी दिसेल. मी असं लिहीन: मुलगा होडीतच बसलेला, कॅमेरा हलत नाही. होडीच्या अंगाला पाण्याचा चपचप आवाज येतोय. मुलगा पेंगतो. मग एक कट, आणि तो आवाज बंद झालेला. होडी गाळात बसते आणि हळूच एका अंगाला कलते. मुलगा घसरून जागा होतो. दोर सैल पडलेला आहे. यातली एकही गोष्ट सहा चौकटींत नाही, पण चौकटींमधल्या पट्टीत वाचक जे भरत होता ते यात सगळं आहे. जुन्या वाचकाला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की होडी कलण्याचं चित्र अंकात आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या कामाची एक रीत आहे. रूपांतराला हात घालण्याआधी मी मूळ मालिकेच्या जुन्या वाचकांना गाठते आणि अंक समोर न ठेवता गोष्ट सांगायला लावते, आणि ते बोलणं रेकॉर्ड करते. एका चित्रकथेच्या वेळी बऱ्याच वाचकांनी नायिकेची आई विहिरीवर गाणं म्हणायची असं सांगितलं. अंक उघडून पाहिला तर तिथे विहीर होती, कळशी होती आणि आईची पाठ होती. गाण्याचा फुगा नव्हता, सुरांची खूण नव्हती. पण त्या पाठीच्या बाकात चित्रकाराने काहीतरी असं ठेवलं होतं की प्रत्येकाला ते ऐकू आलं होतं. मी ते गाणं पटकथेत घेतलं. उलट, ज्या लढाईवर चित्रकाराने चार पानं खर्ची घातली होती तिचा उल्लेख कोणी केलाच नाही. ती निम्म्यावर आणली आणि कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

तुम्हीही हेच करा. शक्यतो वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या वयाचे आठ-दहा वाचक घ्या. प्रत्येकाला एकट्याने बोलू द्या, चारचौघांत बसवलंत की सगळे मोठ्या आवाजाच्या माणसासारखं बोलू लागतात. जे सगळ्यांच्या सांगण्यात येतं तो तुमच्या सिरीजचा कणा. आणि जे सांगताना माणूस थांबतो, आवाज खाली आणतो, ते प्रसंग निराळे लिहून ठेवा. ‘एक चौकट हलवायची नाही’ म्हणणारा वाचकही गोष्ट सांगायला बसला की स्वतःच अर्ध्या चौकटी गाळतो. त्याला नेमकं काय गमवायचं नाहीये ते त्याच्या बोलण्यातून कळतं, अटीतून कळत नाही.

चित्रावरून प्रयोग उभा करणं आपल्याकडे नवीनही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एका पोथीत सुट्या चित्रांचा संच असतो. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतो. चित्र स्थिर असतं, त्याला वेळ देतो तो सांगणारा. कुठलं चित्र किती वेळ समोर ठेवायचं, कुठे भराभर पुढे जायचं, कुठे गाणं घ्यायचं, हे सगळं त्याच्या हातात. सिनेमात संकलक करतो तेच काम. मी तिथून जे शिकले ते असं, की चित्राला आधी बोलू द्यायचं आणि चित्रात जे दिसतंय ते तोंडाने सांगायचं नाही; आवाज चित्राच्या पुढचं किंवा मागचं सांगतो. ही कला जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि पिंगुळीत त्यांनी उभारलेलं कला आंगण आहे. निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला एकदा तिथे घेऊन जा. तासभर बैठकीत समजावून जे पटणार नाही ते तिथे एका आख्यानात पटेल.

पान उलटण्याबद्दल आणखी थोडं, कारण नवखे पटकथाकार इथे हमखास अडतात. छापील अंकात मोठा धक्का डाव्या पानावर ठेवतात, म्हणजे तो उलटेपर्यंत दिसत नाही. सहाव्या चौकटीत मुलगा वर बघतो तेव्हा पान वाचकाच्या बोटांत असतं. भिणारा वाचक क्षणभर थांबतो, धीट वाचक झटकन उलटतो. भीतीची वेळ तो स्वतः ठरवतो. पडद्यावर ती वेळ आपण ठरवतो, म्हणून तो क्षण कमवावा लागतो. निर्माता म्हणेल, मुलाच्या चेहऱ्यावर भाग संपवू, पुढच्या भागात राखणदार. माझं मत याच्या विरुद्ध आहे. मधे नामावली आली, प्रेक्षक पाणी प्यायला उठला, की ती भीती निवते आणि पुढच्या भागात राखणदार ‘आला एकदाचा’ असा येतो. त्याऐवजी काठीचा आवाज मुलाच्या आधी प्रेक्षकाला ऐकू येऊ द्या. जांभ्या दगडावर काठी टेकल्याचा आवाज आणि ओल्या गाळातला आवाज वेगळा असतो. दगडावरून गाळात आला एवढंच कळलं की तो जवळ आलाय हे प्रेक्षक आपणच ताडतो. मोकळी पट्टी त्याला परत मिळते.

आता राखणदाराच्या चेहऱ्याचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की बावीस अंकांत त्याचा चेहरा एकदाही पूर्ण दिसत नाही, आणि निर्मात्याला या भूमिकेसाठी नावाजलेला नट हवा आहे, म्हणजे चेहरा दिसणार. इथे अजिबात मागे हटू नका. बाकी आठ गोष्टी सोडा, पण ही सोडू नका. कोकणातल्या माणसाच्या मनात राखणदाराचं रूप आधीपासून आहे: उंच, धोतर नेसलेला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पण चेहरा ज्याचा त्याचा असतो. कोणाला तो आजोबांसारखा वाटतो, कोणाला गावच्या जुन्या मानकऱ्यासारखा. एक चेहरा दाखवला की बाकीचे सगळे पुसले जातात.

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार देव; त्याला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवळात त्या चपलांपुढे उभं राहून बघा. फिरणारा दिसत नाही, पण त्याचं फिरणं दिसतं. तुमच्या राखणदारासाठीही अशी एखादी वस्तू शोधा, जी प्रत्येक भागात थोडी अधिक झिजलेली दिसेल. काठीचं टोक, घोंगडीची किनार, काहीही. त्याला संगणकी चमत्काराचा खर्च नाही आणि परिणाम मात्र मोठा. नावाजलेला नट हवाच असेल तर मुलगा मोठा झाल्यावरची भूमिका त्याला द्या. शेवटच्या अंकांत तो मोठा होऊन परततो असं तुम्हीच लिहिलंय. ते परतणं सुरुवातीपासून चौकटीसारखं वापरलं तर नटाला आठही भागांत काम मिळतं आणि राखणदार अंधारात राहतो.

राखणदाराचं शरीर मात्र कोणीतरी उभं करायला हवं, आणि त्यासाठी मी दशावतारी नट बघेन. रात्रभर उघड्यावर, मंदिराच्या आवारात प्रयोग करणारी ही मंडळी नुसत्या चालीवर प्रवेश उभा करतात. दशावतारातला राक्षस, संकासुर, येताना बघितलाय का? काळा वेष, बदललेली चाल, आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या मागे सरकतात. पखवाजाच्या एका थापेवर अंग कसं थांबवायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. अट एकच, त्यांना ‘लोककलेचा तुकडा’ म्हणून दोन मिनिटं आणू नका. भूमिका द्या आणि नावही द्या.

भाषेबद्दल. फुग्यातलं वाक्य वाचायचं असतं, त्यामुळे ते तोंडात बसत नाही. ‘तू इथून निघून जा, ही खाडी तुझी नाही’ हे पानावर दणदणीत वाटतं, नटाने म्हटलं की नाटकी होतं. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर स्वतः बोलतात. तसंच करून बघा. प्रसंग सांगा, फुगे दाखवू नका, मालवणी बोलणाऱ्या नटांना तो खेळू द्या आणि त्यातून संवाद वेचा. मालवणी ठेवायची का, असंही तुम्ही विचारलंय. हो, ठेवा, पण सरसकट नको. मुलगा घरात मालवणी बोलेल, शाळेत गुरुजींसमोर पुस्तकी मराठी बोलेल, आणि हा फरकच त्याच्याबद्दल खूप सांगेल. रत्नागिरीकडची संगमेश्वरी बोली आणि मालवणी यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका, तळकोकणात ती पहिल्या वाक्याला पकडली जाते. राखणदाराने स्वतः न बोलता गावाने त्याच्याशी गाऱ्हाण्यातून बोलावं, असं मला सुचवावंसं वाटतं. एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या सामूहिक होकारात जी ताकद आहे ती कुठल्याही पार्श्वसंगीतात नाही.

चौकटीच्या वर जी निवेदनाची पट्टी असते, ‘त्या रात्री…’ वगैरे, तिच्यातलं दिसणारं सगळं काढा. न दिसणारं एखादं वाक्य उरलं तर ते सोन्यासारखं जपा.

नवव्या अंकातल्या रिकाम्या गावाबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचताना मला मालवणजवळच्या आचऱ्याची गावपळण आठवली, आणि तुमच्या काकांच्या डोक्यातही ती असणार. दर काही वर्षांनी ग्रामदेव रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं, गुरं-ढोरं, कुत्री, कोंबड्यांसकट. कागदावर ही शांतता दाखवायला चित्रकाराने फुगे काढले नाहीत, एवढं पुरलं. पडद्यावर आवाज नुसता बंद केला तर प्रेक्षकाला रिमोट बिघडल्यासारखं वाटतं. शांतता छोट्या आवाजांनी बांधावी लागते: माडाच्या झावळ्या, दूरची गाज, एखादं सुटं पडलेलं कवाड. आणि जे रोज असतं ते नाही हे कळायला ते आधीच्या भागांत पुरेसं ऐकवलेलं हवं. म्हणून पहिल्या भागापासून कोंबडा, कुत्रा, देवळातली घंटा, कोणाच्या तरी घरातला रेडिओ हे सगळं सातत्याने ठेवा. नवव्या अंकाची तयारी पहिल्या भागात करावी लागते, आणि बावीस अंक आठ भागांत बसवताना अशाच तयारीच्या जागा कापल्या जाऊ नयेत याकडे तुम्ही लक्ष ठेवा. खऱ्या गावपळणीच्या दिवसांत तिथे चित्रीकरणाचा विचारही करू नका. गाव रिकामं राहणं हाच त्या प्रथेचा अर्थ आहे.

बावीसचे आठ कसे करायचे? जगात हे कसं जमलं ते बघा. ‘द सँडमॅन’ ही ७५ अंकांची अद्भुत चित्रमालिका १९८९ ते १९९६ या काळात निघाली. तिच्यावर चित्रपट करायचे प्रयत्न अनेक वर्षं फसले, आणि २०२२ मध्ये जी सिरीज आली तिच्या पहिल्या मोसमाच्या दहा भागांनी (नंतर जोडलेला एक जादा भाग सोडून) फक्त पहिले दोन संग्रह, म्हणजे १६ अंक घेतले. त्यातला सहावा भाग मला फार आवडतो. मूळ मालिकेत एकमेकांपासून लांब असलेले, आठवा आणि तेरावा, असे दोन अंक त्यात जोडलेत. एकात मृत्यूबरोबर घालवलेला एक दिवस आहे, दुसऱ्यात न मरणाऱ्या माणसाशी शतकाशतकाने होणारी भेट. घटनांचा क्रम मोडला पण दोन्ही अंकांचा विषय एकमेकांना उजळतो. तुम्हीही तसे जोडीचे अंक शोधा, ओळीने तीन-तीन अंक एका भागात कोंबू नका. दुसरं उदाहरण ‘वन पीस’चं. २०२३ च्या आठ भागांत मूळ जपानी मालिकेतली साधारण ९५ प्रकरणं बसवली, बरीच पात्रं आणि प्रसंग गाळले, पण मूळ चित्रकार एइइचिरो ओडा निर्मितीत बरोबर होते आणि त्यांचं समाधान झाल्याशिवाय ती प्रदर्शित करायची नाही असं ठरलं होतं. कापाकापी वाचकांनी स्वीकारली, कारण ती कोणाच्या नजरेखाली झाली हे त्यांना माहीत होतं. तुमच्या काकांना ती जागा मिळायला हवी.

अॅनिमेशनचा पर्याय तुम्ही एका ओळीत टाकलाय, त्यावर माझं उत्तरही छोटं आहे. वाचकांच्या बोलण्यात रेषेबद्दल येत असेल, ‘त्यांनी काढलेलं पाणी’, ‘त्यांचा काळा रंग’, तर अॅनिमेशन करा. मार्जान सत्रापीच्या चित्रकथेवरचा ‘पर्सेपोलिस’ हा चित्रपट २००७ मध्ये बहुतांश काळ्या-पांढऱ्या चित्रांतच पडद्यावर आला. बोलण्यात खाडी, पाऊस, गाव येत असेल तर नट घेऊन प्रत्यक्ष जागेवर करा. मला तुमच्या दोन पानांवरून दुसरं वाटतं, पण दोन पानांवरून ठरवू नये.

प्रत्यक्ष जागेवर केलंत तर खाडीचं घड्याळ पाळावं लागेल. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज संध्याकाळी पाचला जे पाणी होतं ते उद्या पाचला नसतं. एकच प्रसंग चार दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेतलात तर होडी कधी तरंगते, कधी टेकते, आणि इथला प्रेक्षक ते बरोबर ओळखतो. पाणी साधारण त्याच वेळी त्याच उंचीवर यायला पंधरवडा लागतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा मोठा चढउतार, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउतार. मुळं आणि गाळ भरपूर उघडा पडेल एवढी ओहोटी तुम्हाला उधाणाच्या दिवसांत मिळेल. तारखा आधी भरतीच्या तक्त्यावरून काढा आणि मग नटांना विचारा. तक्ता असला तरी त्या खाडीतल्या जुन्या नाखव्याला बरोबर घ्या, कारण मुखाशी आणि आत भरतीच्या वेळेत फरक पडतो.

ऋतूचंही तसंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, समुद्रातलं काही घेता येणार नाही. सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, श्रावणात हिरवागार आणि फुलांनी भरलेला असतो, डिसेंबरात तोच पिवळा पडतो. जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पावसात शेवाळ चढतं आणि चिरा काळपट दिसतो, उन्हाळ्यात तोच लाल. कथा पावसाळ्यातली असेल आणि चित्रीकरण रखडून जानेवारीत गेलं तर नळ्यांनी पाऊस पाडता येईल, सडा हिरवा करता येणार नाही. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, दिवे लावायला म्हणून फांदीही तोडू नका. देवराईत किंवा देवळाजवळ काम असेल तर सरकारी परवानगीबरोबर गावाची परवानगी घ्या, आणि मानकरी कौल लावू म्हणाले तर कौल होईपर्यंत थांबा. राखणदाराची गोष्ट करणाऱ्यांनी राखणदाराच्या गावात तेवढी रीत पाळायलाच हवी.

हक्कांबद्दल थोडक्यात, पण सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मजकूर आणि चित्रं ही वेगळी निर्मिती आहे, त्यामुळे काकांइतकाच त्यांच्या मित्राचा, ते नसतील तर त्यांच्या वारसांचा हक्क आहे, आणि लेखक वारल्यानंतरही तो ६० वर्षं टिकतो. त्या काळी प्रकाशकाला काही लिहून दिलं होतं का तेही शोधा. हक्क देणं लेखीच हवं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. निर्माता हक्क घेऊन नुसता बसून राहिला तर काय, याचं कलम स्पष्ट घाला. आणि हक्क दिल्यावरही निर्मितीची विकृती करून आपल्या नावाला बाध आणला तर हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ खाली राहतो, हे काकांना सांगा. त्यांना धीर येईल.

राहिली ‘आजच्या मुलांची’ बाब. मुलं संथपणाला कंटाळतात हे मला पटत नाही. गोष्टीतले नियम कळेनासे झाले की ती कंटाळतात. राखणदार कधी येतो, कोणाला दिसतो, त्याच्या हद्दीत काय चालत नाही, हे पहिल्याच भागात मुलाच्या अनुभवातून स्वच्छ होऊ द्या. मग मुलाच्या हातात मोबाइल असला तरी माझी हरकत नाही. काळ बदला, शाळा बदला, वडील मुंबईला गिरणीत होते ते आता दुबईला बोटीवर असोत. ओहोटीची रात्र, न दिसणारा चेहरा आणि गावाचं गाऱ्हाणं एवढं शाबूत ठेवा.

निर्मात्याला पुढच्या बैठकीत वाद घालत बसू नका, एक मागणी करा. करारावर सह्या होण्याआधी याच दोन पानांचा प्रसंग चाचणी म्हणून चित्रित करावा. एक मुलगा, एक होडी, एक दशावतारी नट, संगणकी काम अजिबात नाही. तो तुमच्या एका हट्टी जुन्या वाचकाला दाखवा आणि मालिका कधीच न वाचलेल्या, शक्यतो घाटावरच्या, एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला दाखवा. दाखवताना पडद्याकडे बघू नका, त्या दोघांकडे बघा. कुठे नजर हटते, कुठे श्वास अडकतो ते टिपून ठेवा. पाऊस संपल्यावरची, कोजागिरीची किंवा त्रिपुरीची रात्र धरलीत तर उधाणाची ओहोटी आणि मुखाशी टेकलेला चंद्र एकदमच मिळतील.